घरपोच मुराळी

सर्व आप्तेष्ट, सोयरे आणि हितचिंतक यांना कळवण्यास अत्यंत गंभीर आनंद होतो की, दिवाळीत कुणाला काय द्यायचं, हा मानवजातीला छळणारा प्रश्न आमच्या दापोड्याच्या घरात कायमचा निकालात निघाला आहे. ठराव एकमताने मंजूर झाला. ज्यांचं मत वेगळं होतं, त्यांना चहा दिला गेला.

ठराव मांडणारा माझा थोरला भाऊ. आमची भातशेती होती तिथे आता गोदामं उभी आहेत, त्यामुळे दादाकडे वेळ आहे आणि वेळ असलेल्या माणसाला सुधारणा सुचतात. नवरात्र संपल्यावर त्याने आम्हा सगळ्यांना बंगल्याच्या हॉलमध्ये बोलावलं. मी माहेरवाशीण, कामतघरहून रिक्षाने गेले. असा तमाशा फुकट बघायला मिळत असेल तर मी चालतसुद्धा जाईन.

"यंदा दिवाळीचा ताण नाही घ्यायचा," दादा म्हणाला. "उगाच खर्च नाही, उगाच धावपळ नाही. ज्याला जे खरंच लागतं, तेच द्यायचं. विचार करून."

सुधारणेची गरज होती हे मला मान्य आहे. दर दिवाळीला ट्रान्सपोर्टवाले दादाकडे सुक्या मेव्याचे डबे पाठवतात. वहिनी ते डबे पुढे धाडतात, पुढचे त्याच्या पुढे. आदल्या वर्षी मोराचं चित्र असलेला एक डबा वहिनींच्या माहेरी गेला, तिथून त्यांच्या मावशीकडे, तिथून कसा कोण जाणे कामतघरला माझ्या नणंदेकडे आणि तिच्याकडून माझ्याकडे आला. मी तो भाऊबीजेला मोठ्या प्रेमाने वहिनींच्या हातात ठेवला. त्यांनी मोर ओळखला. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघून इतकं गोड हसून घेतलं की दादाला वाटलं, घरात किती एकोपा आहे.

तर सगळ्यांनी आपापली गरज ग्रुपवर लिहायची असं ठरलं. राहिली आत्या. दिघाशीच्या आमच्या आत्याकडे साधा फोन, बटणांचा. त्यामुळे तिला काय लागतं, हे तिच्या गैरहजेरीत आम्हीच ठरवायला बसलो.

"गुडघे," वहिनी म्हणाल्या.

"करेक्ट," दादा म्हणाला. "पायाला मालिश करणारं मशीन येतं. पाय आत घालायचे, बटण दाबायचं."

मी म्हटलं, "दादा, तिला आणायला जा की. बाबा जायचे तसा."

वहिनींनी माझ्या कपात आणखी चहा ओतला.

"ते वेगळं," दादा म्हणाला. "आपण वस्तूंबद्दल बोलतोय."

इथे मला थोडं मागे जावं लागेल. आमच्याकडे दिवाळीला लेकीला माहेरी न्यायला माहेरचा पुरुष जातो, भाऊ नाहीतर भाचा. त्याला मुराळी म्हणतात. आत्याचा मुराळी म्हणजे आमचे बाबा. आधी एसटीने, मग स्कूटरवर, पुढे गाडीने, पण ते दर दिवाळीला दिघाशीला जात. लहानपणी मीही सोबत जायची, कारण आत्याचं नाटक बघण्यासारखं असे. ती बाबांना पाटावर बसवायची, जेवू घालायची आणि मग सुरू व्हायची, "मी कशाला येऊ आता? म्हशीला कोन बघल? भात कापायला आलंय. पुढल्या साली बघू." बाबा चढत्या आवाजात विनवण्या करायचे. आत्या पदराने डोळे पुसून आणखी नाही म्हणायची. आणि तिची पिशवी सकाळपासून बांधून दाराआड ठेवलेली असायची. मी एकदा ती पिशवी मधोमध आणून ठेवली, तेव्हा आत्याने माझा कान असा पिळला की तो अजून जरा मोठा आहे.

गोदामवाले जमीन घ्यायला आले तेव्हा कागदांवर बहिणींच्याही सह्या लागल्या. आत्या आली, आपला हिस्सा सोडल्याची सही केली, आणि रजिस्ट्रार कचेरीच्या आवारातच बाबांना म्हणाली, "मना काय नको. दिवाळीला न्यायला येत जा, बस." बाबांनी ते पाळलं. बाबा गेले, त्या वर्षी घरात दिवाळीच नव्हती. पुढच्या वर्षी दादाला रस्त्यावरच्या कंटेनरांनी अडवलं. त्याच्या पुढच्या वर्षी कंटेनरांची आठवणच पुरेशी झाली.

"वन्सं, कळतं हो आम्हालाही," वहिनी मला समजावत म्हणाल्या. "पण त्यांना आणायचं म्हणजे वरच्या खोलीत ठेवायचं. जिना झेपणार आहे का? आधी मशीनने पाय बरे होऊ देत, मग आणू."

या युक्तिवादात कुठे बोट ठेवावं, हे मला आजही सापडलेलं नाही. इतका गुळगुळीत युक्तिवाद मी भिवंडीत दुसरा पाहिला नाही, आणि मी पॉवरलूमच्या मालकांमध्ये संसार केला आहे.

मीच तिला का आणलं नाही, असं कुणी विचारेल. विचारून पाहिलं होतं एकदा. "तू मना नेशील?" आत्या म्हणाली होती. "आधी तुजा मुराळी कोन येतो ते सांग गो."

माझाही कुणी येत नव्हता. मी रिक्षाने जाते.

पाडव्याला मी फराळाचा डबा घेऊन दिघाशीला गेले. अंगण सारवलेलं, रांगोळी घातलेली, आणि ओसरीवर आत्या नवं लुगडं नेसून, केसांत झेंडू खोवून बसलेली. मला बघून तिचा चेहरा आधी उजळला, मग तिने माझ्या पाठीमागे रस्त्यावर पाहिलं.

"एकटीच आलीस?"

"मग आणखी कोण येणार होतं?"

"तुज्या दादाचा फोन आलता," ती म्हणाली. "आज घरीच राह्य, कुठं जाऊ नको, सरप्राईज हाय म्हनला." सरप्राईज हा शब्द तिने असा जपून उच्चारला, जसा गरम तव्यावरचा पापड उचलावा. "मी काय येडी हाय काय? समजलं मना."

मला मशीन ठाऊक होतं. पाणी प्यायला आत गेले तर दाराआड पिशवी.

"बघू नको त्यात," बाहेरून आवाज आला. म्हणजे बघायलाच हवं. नवे तांदूळ होते, वहिनींसाठी, त्यांना भाकरीला जुन्या तांदळाचं पीठ चालत नाही म्हणून. दादाच्या नातवाला वाळलेल्या भोपळ्याचा खुळखुळा. माझ्यासाठी लोणच्याची बरणी होती, मी हिच्याकडचंच लोणचं चोरून खायची म्हणून. आणि तळाशी फडक्यात बांधलेले करांद्याचे कंद. लहानपणी दादा दिवाळीत लाडू सोडून उकडलेल्या करांद्यांसाठी रुसून बसायचा. त्याला स्वतःला हे आता आठवत नसेल. आत्याने ते बांधावरून स्वतः खणून आणले होते, त्या गुडघ्यांनी.

हॉलमधली आमची एवढी मोठी सभा, आणि इथे ही बाई एकटी.

"उकडून नाय घेतले," ती म्हणाली. "तिथं गेल्यावर उकडीन. गरम खायाचा तो."

दुपार कलताना अंगणात टेम्पो थांबला. आत्या उठली, पदर सारखा केला आणि लगेच पुन्हा बसली. बसून असलेलं बरं दिसतं म्हणून. आढेवेढे घ्यायला ती तयार होती, ओठांवर पहिलं नाही आलेलं मला दिसत होतं.

टेम्पोतून चाळिशीचा एक घामेजलेला माणूस उतरला, हातात भलं मोठं खोकं.

"पार्सल है, अम्मा."

आत्या त्याच्या खांद्यावरून टेम्पोकडे बघत राहिली. "मागं कोन हाय?"

"कोई नहीं. अकेला हूं."

तिने मान कलती करून टेम्पोच्या काचेतून सीटही पाहून घेतली. मग त्याला पाणी दिलं. पाट आधीपासून मांडलेला होता, त्यावर तो बिचारा बसला.

"कुठून आलास?"

"दापोडा. गोदाम से."

"कुठचं? हिरीजवलचं?"

त्याला कळलं नाही. मी हिंदीत विचारलं, तिथे विहीर आहे का. "हां, गेट के पास," तो म्हणाला. "ऊपर स्लॅब डाल दिया है. वॉचमन उसी पे बैठता है."

आमच्या शेतातल्या त्या विहिरीत आत्या पोहायला शिकली होती.

"ओटीपी बताइए," तो माणूस म्हणाला. "बिना ओटीपी के नहीं दे सकता."

ओटीपी दादाच्या फोनवर. मी फोन लावला आणि स्पीकरवर टाकला, कारण मला वाटलं, आता जे व्हायचं ते सगळ्यांसमोर होऊ दे. दादाचा आवाज अंगणभर पसरला, उत्साहाने ओसंडून वाहणारा.

"आलं का? काय आत्या, कसं वाटलं सरप्राईज? आता कुठं जायचं नाही, यायचं नाही. पाय आत घालून मस्त बसून राहायचं. दिवाळी घरच्या घरी."

आत्याने खोक्याकडे पाहिलं, मग दाराकडे. दाराआडून पिशवीचा बंद बाहेर डोकावत होता. मी तो पायाने आत सारला. तिला ते दिसलं.

दादाने ओटीपी वाचून दाखवला. माणसाने आकडे दाबले, खोकं ओसरीवर ठेवलं, पाण्याचा तांब्या खाली ठेवून उठला. फोन चालूच होता. दादा विचारत होता, "आत्या? आवाज येतोय का? आवडलं ना?"

आत्या उठली. एका हाताने भिंत धरत दारापर्यंत गेली, पिशवी उचलली, टेम्पोवाल्याच्या मागे अंगणाच्या कडेपर्यंत आली आणि म्हणाली,

"परत रिकामाच जातंस ना रं? मंग मना घे. मना बी तिकडंच जायाचं हाय."