चाकणच्या तळ्याचा पंचनामा

शुक्रवारी संध्याकाळी बबनकाकांचा फोन आला. "पोरी, पंप लावून तळं उपसलंय. टिपर भराव टाकत्यात. उद्या अकराला तलाठी पंचनाम्याला येनार हाय. तू ये."

चाकणच्या पुढे कंपन्यांच्या शेडमागे, काका म्हशी चारतात तिथलं हे तळं. एमएस्सीची दोन वर्षं मी तिथे पक्षी मोजले. पाणथळ जागा वाचवण्याचंच काम आयुष्यभर करायचं, हेही तिथेच ठरवलं. पंचनाम्यात 'पावसाळी डबकं' असं लिहिलं गेलं की भरावाला आडकाठी उरत नाही, खेळ संपला. शनिवारी सकाळी मी निघाले.

दापोडीहून भोसरी, तिथून चाकणची बस. मोशीच्या कोंडीसाठी जादा तास ठेवा. मी ठेवला नव्हता. दहा वाजता बस मोशीतच उभी, पुढे ट्रेलर, मागे कंपन्यांच्या गाड्या. शेजारच्या बाई म्हणाल्या, "घड्याळाकडं बघून बस पळत नाही गं." चाकण चौकातून शेअर रिक्षा, वीस रुपये. पोटभर खाऊन निघा, पुढे चहाच्या टपरीशिवाय काही नाही.

पोचले तर पंचनामा सुरू झालेला. कंबरभर पाण्याच्या जागी चिखल होता आणि एका कडेने राडारोड्याचे ढीग. पाणकणसाच्या उरलेल्या पट्ट्यात जांभळ्या पाणकोंबड्या दाटीवाटीने उभ्या होत्या. पाणी धरून ठेवणाऱ्या जमिनीला आपण पडीक म्हणतो, आणि विहिरी आटल्या की टँकरची वाट बघतो. या अडाणीपणाला विकास म्हणायची माझी तयारी नाही.

"साहेब, उन्हाळ्यात इथं पोरं क्रिकेट खेळतात," ठेकेदाराचा माणूस म्हणाला.

मी तावातावाने बोलले. तलाठ्यांनी सगळं ऐकून घेतलं. "बोलता छान, ताई. पण उन्हाळ्यात पाणी असतं याचा पुरावा?"

मी लॅपटॉप उघडला. उन्हाळ्यातले शेकाटे, पाणकोंबड्या, शेकडो फोटो. ते एकेक बघत गेले. "पक्षी सुरेख आहेत. जागा कुठली? मागचं सगळं धूसर. हे भिगवणच्या पाणवठ्यावरचेही असतील."

"ताई, पाखरांचं आधारकार्ड आणायचं ना!" ठेकेदाराचा माणूस हसला.

तळ्यामागची कंपनीची निळी शेड चौकटीत येऊ नये म्हणून मी चिखलात आडवी पडायचे. कुरूप म्हणून वगळली, तीच आज साक्षीला उभी राहिली असती.

तेवढ्यात काका पुढे आले. "साहेब, चैतातल्या जत्रंचा फोटू चालंल का?"

जत्रेच्या सकाळी देवाचा मुखवटा या तळ्यावर आणून धुतात. काकांनी सोबत आणलेल्या सुनेच्या मोबाइलमध्ये ते सगळं होतं: काठावर पालखी, कमरेइतक्या पाण्यात पुजारी आणि मागे निळी शेड. सलग तीन वर्षांचे फोटो, तारखेसकट.

ठेकेदाराचा माणूस आता हसत नव्हता. "काका, तुमचा पोरगा आमच्याच टिपरवर हाय. ध्यानात ठेवा."

मला वाटलं, आता काका मागे सरकणार.

"व्हय, हाय. म्हून देवाला टँकरच्या पान्यानं धुवू का?" असं म्हणून त्यांनी पंच म्हणून सही केली.

तलाठ्यांनी लिहिलं: 'चैत्रात पाणी असल्याचे छायाचित्रांवरून दिसते.' वरून आदेश येईपर्यंत भराव थांबला. निघताना मी शेड, विजेचा खांब आणि काठावरची पाण्याची जुनी रेघ यांचे फोटो काढले.

घरी पप्पांनी ते पाहिले. ते चाकणलाच फिटर आहेत. "यात पक्षी कुठंय?"

"पक्षी नाही. जागा आहे."

"आम्ही मशीन उघडायच्या आधी त्याच्या नंबरप्लेटचा फोटो काढतो," ते म्हणाले. "तुम्हाला कॉलेजात हे शिकवत नाहीत?"

शिकवत नाहीत. पक्षीशास्त्राच्या पुढच्या अभ्यासक्रमासाठी भरायला घेतलेला अर्ज मी बाजूला ठेवला आहे. नकाशे आणि जमिनीची कागदपत्रं शिकवणारं कुठे मिळतं ते शोधतेय.

आदेश अजून आलेला नाही. काकांच्या मुलाला ठेकेदाराने कामावरून काढलं. काल सकाळी काकांनी मला फोटो पाठवला. चिखलात तीन पाणकोंबड्या दिसतात, मुंगीएवढ्या. बाकी सगळी शेडच शेड.