माफीचा जबाब

ती केस मी विसरलो असतो तर बरं झालं असतं, पण नाही विसरलो. नव्वदीची अखेर होती. दौंड-शिरूर पट्ट्यातल्या एका ठाण्याचा मी इन्चार्ज होतो. माझा आवाज असा, की ठाण्यात ओरडलो तर जंक्शनात मालगाडी ब्रेक मारायची. लोक म्हणायचे असं. म्हणजे मी म्हणायचो, लोक मान डोलवायचे.

रेल्वे कॉलनीत कॅथलिक मंडळींची जुनी वस्ती. तिथले एक रिटायर्ड गार्ड सकाळच्या मिस्साहून, म्हणजे चर्चमधल्या प्रार्थनेहून, सायकलवर घरी निघाले होते. मागून एका गाडीनं उडवलं आणि ती थांबली नाही. गार्डसाहेब जागीच गेले. पंचनाम्यात मिळाली ती दिव्याची फुटकी काच, बाकी काही नाही. पण दोन तासांत मी गाडी पकडली! मांडवगण फराट्याहून दौंडला दूध आणणारा टेम्पो, डावा दिवा फुटलेला.

"बैलानं शिंग मारलंय, साहेब," ड्रायव्हर म्हणाला.

मी इतका हसलो, की कोठडीतले ढेकूणसुद्धा हसले असतील.

काच तपासायला पुण्याला पाठवायची असते. मी म्हटलं, काच ती काच. अपघाताचं साधं कलम लावलं तर लगेच जामीन होतो, म्हणून चढवून सदोष मनुष्यवधाचं लावलं आणि सात दिवसांची कोठडी घेतली. रोज चौकशी. चौकशी म्हणजे काय, हे वाचकांना सांगायला नको. तळपायांवर पट्टा. त्याचं आपलं एकच पालुपद, "बैलानंच, साहेब." सहाव्या दिवशी उजवी टाच फुटली. सातव्या दिवशी कोठडी वाढवून घ्यायला कोर्टात उभा केला. मॅजिस्ट्रेटनं विचारलं, "पोलिसांविरुद्ध काही तक्रार?" त्यानं माझ्याकडं बघितलं आणि म्हणाला, "न्हाई." केस डायरीत मी लिहिलं, आरोपी जिन्यावरून पडला. आमच्या ठाण्याला जिना नव्हता.

तेराव्या दिवशी गार्डसाहेबांची बायको ठाण्यात आली. कॉलनीतल्या शाळेत जन्मभर शिकवलेलं, त्यामुळं सगळे तिला टीचरबाई म्हणत.

"तुम्ही धरलेला माणूस तो नाही," ती म्हणाली.

"कशावरून, बाई?"

"आमच्यात मिस्साच्या वेळी लोक रांगेनं ख्रिस्तप्रसाद घ्यायला जातात. मनावर मोठं पाप असलं तर माणूस जात नाही. आधी फादरकडे कन्फेशन करतो, मगच जातो. लोकोशेडमधला एक फिटर आहे, आमच्या शेजारच्या बाकावर बसतो. रांगेत कायम पहिला. दोन रविवार झाले, तो बाकावरून उठला नाही."

"अहो, पोट बिघडलं असेल त्याचं!"

"दोन्ही रविवारी? साहेब, मी कुणावर आळ घेत नाही. त्याच्याकडे एक जुनी जीप आहे, तुम्ही फक्त ती बघा."

जीप बघायच्या आधी मी फादरकडे गेलो. अख्ख्या कॉलनीची पापं ज्याच्या कानात, त्याच्यापेक्षा मोठा खबऱ्या कुठं मिळणार?

"फादर, तो फिटर कन्फेशनला आला होता का?"

"आला होता की नाही, हेही मला सांगता येत नाही."

"पुरावा लपवला म्हणून आत घालीन!"

"घाला," फादर म्हणाले. माझ्या आवाजानं वरची घंटा हलली असेल, म्हाताऱ्याची पापणी हलली नाही.

जीप फिटरच्या घरामागं ताडपत्रीखाली होती. एक दिवा जुना, पिवळट. दुसरा नवा कोरा. फिटरला ठाण्यात आणलं, खुर्ची दिली, पाणी दिलं. रेल्वेतला माणूस, टीचरबाईंच्या ओळखीचा. त्याच्या तळपायांकडं मी बघितलंसुद्धा नाही. पंधरा मिनिटांत तो बोलला.

"मी कन्फेशनला गेलो होतो, साहेब. फादर म्हणाले, तुझ्या जागी दुसरा माणूस आत आहे. त्याला सोडवायची तयारी नसेल तर तुला पश्चात्ताप झालेलाच नाही, मग मी पापक्षमा कशी देऊ? म्हणून मी दोनदा तुमच्या गेटपर्यंत आलो होतो."

"मग आत का नाही आलास?"

"आतनं त्याचं ओरडणं ऐकू आलं."

म्हणजे खरा आरोपी आपल्या पायांनी चालत येत होता आणि माझाच पट्टा त्याला गेटवरून परत पाठवत होता.

टीचरबाई त्याला भेटायला आली. तो तिच्या पायांवर कोसळला.

"उठ," ती म्हणाली. "मी तुला माफ केलं. पोरांकडनं जन्मभर प्रार्थना म्हणून घेतली, आम्ही इतरांना क्षमा करतो तशी आम्हाला कर. आता मागं कशी सरू? पण सगळं खरं लिहून दे. आणि शिक्षा होईल ती भोग. ती माफ करणं माझ्या हातात नाही."

त्यानं लिहून दिलं. मला वाटलं, माफीचं काम भलतंच सोपं आहे की! टेम्पोवाला सुटल्यावर आठ दिवसांनी मी मांडवगणला गेलो. युनिफॉर्म, सरकारी जीप, दोन हवालदार, किलोभर पेढे.

"झालं गेलं गंगेला मिळालं," मी म्हटलं. "माफ केलंस ना?"

त्यानं हात जोडले. "केलं, साहेब. गाडी तेवढी दारातनं काढा. लोकं बघत्यात."

हे मी फादरांना ऐटीत सांगितलं. ते म्हणाले, "त्याला नाही म्हणता आलं असतं का?" मग पुढं विचारलं, "आणि त्याची टाच कशानं फुटली, ते तुमच्या कागदावर काय लिहिलंय?" मी ट्रेनच्या वेळेचं निमित्त काढून उठलो.

रिटायर झाल्यावर एकदा एस.टी.नं पुन्हा मांडवगणला गेलो. एकटाच, साध्या शर्टात. तो ओट्यावर बसला होता. टेम्पो कधीच विकला होता, त्या टाचेनं ब्रेक दाबला जात नव्हता.

"या साहेब. आज गाडी न्हाई व्हय?"

"रिटायर झालो. तू मला माफ केलंस, ते मनापासून केलंस ना, एवढं विचारायला आलो."

"आता खरं सांगतो. तवा भ्यालो हुतो. केल्यालं न्हाई."

"मग आता कर."

"टीचरबाईनं त्याला केलं, पन त्येनं लिहून दिलं. तुमी बी द्या. टाच जिन्यावरनं फुटली न्हाई, येवढी एक वळ. खाली सही. गावात आजून म्हनत्यात, पोलिसानं उगंच मारलं आसंल व्हय?"

त्यानं भिंतीवरच्या कॅलेंडरचं मागच्या महिन्याचं पान फाडलं आणि कोरी बाजू माझ्यापुढं धरली. मी पेन्शनचा विचार केला. थापा पुष्कळ मारल्या आजवर, पण ही थाप नाही: दुसऱ्या कशाचाही विचार केला नाही. म्हटलं, "चष्मा घरी राहिला."

चष्मा नाकावर होता. त्यानं तो बघितला, पानाची घडी केली आणि आत गेला.

या केसनं काय शिकवलं, असं लोक विचारतात. माफी मागणं म्हणजे आधी आपला जबाब देणं, हे शिकवलं. शिकलो म्हणजे तसं वागलो, असं कुणी समजू नये. या लेखात मी कुणाचंच नाव घातलेलं नाही. वाचणारे म्हणतील, साहेबांनी लोकांची अब्रू झाकली. टीचरबाईनं काही लपवलं नव्हतं, फिटरनं सही करून दिली होती आणि टेम्पोवाला तर आपलं नाव निर्दोष म्हणून चारचौघांत यावं, याचीच वाट बघत होता. झाकायचं होतं ते एकच नाव. ते आजही झाकलंय.