तोफेखालचं झाकण

सत्तरच्या दशकात मी सैन्यात रणगाडा चालवत होतो. चालकाची जागा पुढे, अगदी खाली असते आणि डोक्यावर लोखंडी झाकण असतं. तोफ त्या झाकणावर आली की ते उघडत नाही.

नागपूरबाहेर मे महिन्यात सराव चालू होता. तोफ नेमकी माझ्या डोक्यावर असताना समोर आगीचा इशारा देणारा लाल दिवा लागला. भोंगा किंचाळू लागला. कानातल्या हेडफोनवर कमांडर हिंदीतून एकामागून एक हुकूम सोडत होते. मला दिवा दिसत होता, हुकूम ऐकू येत होते, पण हात हलेनात. धूर आत आला तसा मी झाकणाला खांदा लावून ओरडलो, "उघडून नाही राहिलं!"

तोफ चालवणारा नागपूरजवळच्या मौद्याचा, माझ्याच बोलीचा होता. त्याचा शांत आवाज आला, "मी तोफ फिरवून राहिलो गा. तू आधी इंजिन बंद कर."

तेवढंच मला कळलं. मी इंजिन बंद केलं. तोफ सरकली, झाकण उघडलं आणि आम्ही सगळे बाहेर पडलो. आग विझली.

मी उघड्या मैदानात बसलो होतो, तरी जवळ येणाऱ्या प्रत्येकाला म्हणत होतो, "जरा लांब उभा राय ना गा."