राजपुत्राने लिहिलेलं पत्र

"दो साल, आई! बाबा पूरे दो साल बाद आए थे और आप रुकी थीं ना? मग मी का नाही थांबायचं?"

मुक्ता, आमची एकुलती एक, भर दुपारी गच्चीवर ओरडत होती. आवाज असा, की आमच्या लखनौच्या मानक नगरातली निम्मी माकडं सामानसुमान घेऊन अलीगंजला पळाली असतील. समोर ही — म्हणजे सुनंदा, माझी बायको — मटारची परात मांडीवर घेऊन बसली होती. तिने एवढंच म्हटलं होतं, की जो मुलगा तीन वर्षं 'घरी बोलतो, घरी बोलतो' म्हणतोय आणि येत्या रविवारी आईच्या आग्रहाखातर कानपूरला दुसरी मुलगी बघायला निघालाय, त्याला नाही म्हणून टाक. 'सिर्फ़ फॉर्मॅलिटी है यार,' असं त्याने मुक्ताला सांगितलं होतं. आणि मुक्ता थांबणार होती. का? तर बाबांची गोष्ट.

ती गोष्ट मी हजारदा सांगितली आहे. तिच्या पोटात काय आहे, ते मात्र त्या दुपारपर्यंत कुणालाच नाही — देवालासुद्धा नाही. आता तुम्हाला सांगतो.

गोष्ट अशी. एक होता राजपुत्र. राजज्योतिषाने फर्मावलं, पत्रिका जुळत नाही. राणीमातेने दाराला सात कुलपं ठोकली. राजपुत्र दोन वर्षं लढला — आईशी, ग्रहांशी. शेवटी शनीची मानगूट धरून त्याला बाजूला सारलं आणि गोमती पोहून अलीगंजच्या काठाला लागला. गोमतीत मगरी होत्या. पहिल्यांदा सांगितलं तेव्हा दोन. आमच्या मराठी मंडळाच्या गणपतीत दरवर्षी सांगता सांगता अकरा झाल्या. पलीकडे राजकन्या वाट बघत उभी. राजपुत्र उशिरा येतो — पण येतो! टाळ्या. मुक्ताला या गोष्टीवर घास भरवले आहेत मी. ही पहिल्या रांगेत बसून नुसती हसायची. मी त्याला लाजणं समजत आलो. सोयीचं होतं ना?

मगरी नव्हत्या, हे तुम्ही ओळखलंच असेल. पण मगरी काढल्या तर उरतं काय? इथे मी नेहमी खोकतो, पाणी मागतो, विषय बदलतो. आज नाही.

आमचं दोघांचं ठरलं होतं, मंडळाच्या नाटकाच्या तालमीत. हिच्या वडिलांनी, दादांनी, रीतसर येऊन पत्रिकाही दिली होती. मग पुण्याच्या मामांनी एक स्थळ आणलं. मुलगी देखणी, वडिलांचा बंगला. आई म्हणाली, "बघायला काय जातंय?" बस्स, एवढंच. कुलपं नाहीत, उपास नाहीत, डोळ्यांत टिपूस नाही. मी 'नको' म्हटलं असतं, तर ती 'बरं' म्हणून चहा ठेवायला गेली असती. मी म्हटलं नाही. मला — शब्द चघळत नाही — तो बंगला आवडला.

आपल्यात स्थळ नाकारताना खरं कारण कोण सांगतं? 'पत्रिका जुळत नाही' लिहायचं. कुणाचा अपमान नाही, सगळा दोष ग्रहांचा. असं पत्र घरातली वडीलधारी माणसं लिहितात. आमच्याकडे ते मी लिहिलं. आईच्या नावाने, हिच्या वडिलांना, अक्षर मुद्दाम डावीकडे झुकवून. काय हुशारी! पत्रिकेची घडीसुद्धा उलगडली नव्हती. शनी कुठल्या घरात होता, मला आजही ठाऊक नाही.

पुण्याच्या मुलीने पोहे दिले आणि तिसऱ्या दिवशी कळवलं, लखनौ फार लांब पडतं. मग इंदूर झालं. मग नागपूर. दोन वर्षं मी गावोगाव पोह्यांच्या बशा रिकाम्या करत हिंडलो — हाच माझा ग्रहांशी लढा. सगळीकडून नकार आल्यावर अलीगंजला गेलो. स्कूटरवर. 'आईने ग्रहांची शांत करून घेतली, आता अडचण नाही,' असं सांगितलं. शांतही झाली नव्हती. आणि मधली दोन वर्षं या मुलीने दोन स्थळं परतवली होती, हे मला तिथे बसल्यावर कळलं. मी लाडू घेतला.

वर या सगळ्याची गोष्ट केली, आणि गोष्टीतल्या राजकन्येला एक वाक्य दिलं नाही. नुसतं उभं केलं काठावर. माझ्या मुलीला मी हेच शिकवत आलो — उभं राहणं म्हणजे प्रेम. तिची तीन वर्षं त्यात गेली. आणखी किती घालवायची होती मला? पाच? अकरा मगरींइतकी अकरा?

मी खुर्चीवरून उठलो आणि सांगितलं. दोघींना, आत्ता तुम्हाला सांगितलं तसंच. चार मिनिटं लागली. मगरींसकट चाळीस लागतात.

मुक्ताचा आवाज बसला होता. माझ्याकडे तिने पाहिलंच नाही. आईकडे वळून म्हणाली, "आपको पता था?"

"पत्र आलं तेव्हाच," ही म्हणाली. मंडळाच्या नाटकाच्या सगळ्या प्रती हेच, म्हणजे मी, हाताने लिहून द्यायचे, अक्षर कितीही वाकवलं तरी कळणारच की — हे तिने भाजीचा भाव सांगावा तसं सांगितलं. तीस वर्षं पहिल्या रांगेत बसून तिला हे ठाऊक होतं. प्रत्येक मगरीच्या वेळी ठाऊक होतं.

"तो फिर हाँ क्यों बोला आपने?"

हिने हातातली शेंग सोलली, दाणे परातीत टाकले.

"दादा म्हणाले, आलेत ना, हो म्हण. ज्याच्यासाठी थांबले, त्यालाही नाही म्हणता येतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं."