नखाच्या कडेचं रक्त

"हा बर्जर्स डिसीज आहे," अमरावतीचे डॉक्टर म्हणाले. "पायाच्या रक्तवाहिन्या बुजत चालल्यात. बिडी आजपासून बंद. नाहीतर गुडघ्याखालून पाय काढावा लागेल."

मी बाळापूरला पोस्टमन. आमच्या घरातली पहिलीच सरकारी नोकरी, आणि तीही सगळी पायांवर. चालताना पोटरीत गोळे यायचे, ते मी अंगावर काढले. अंगठा काळानिळा पडला तेव्हा डोळे उघडले.

बिडी त्याच दिवशी सोडली. जिवाशी गाठ पडली की माणूस काहीही सोडतो. पण अंगठ्याची जखम भरेना, म्हणून बायको कमल मला अकोल्याच्या मोठ्या दवाखान्यात घेऊन गेली. शेजारच्या खाटेवरच्या माणसाचा पाय आधीच गेला होता. मी त्याच्याकडे पाठ करून झोपायचो. भीती वाटायची, सरळ सांगतो.

तिथले डॉक्टर पायाच्या नखाच्या कडेवर तेलाचा थेंब टाकून, दिवा धरून मायक्रोस्कोपातून कॅपिलरी बघत. कॅपिलरी म्हणजे केसाहून बारीक रक्तवाहिनी. मोठा रस्ता बुजला तरी या पायवाटांनी रक्त पोचत असेल, तर पाय वाचवता येतो, असं ते म्हणत. माझं रक्त सकाळी अडून बसायचं, दुपारी जरा सरकायचं. त्यांना कोडंच पडलं. चोरून बिडी ओढतोस का, असं दरडावून विचारलं. मी लेकरांची शपथ घेतली.

एकदा ते लवकर आले, तेव्हा मी नळावर दात घासत होतो.

"हे काय चोळतोस?"

"मिसरी हाये जी."

"कशाची?"

"तंबाखू जाळून करतो आमी."

डॉक्टरांनी कपाळावर हात मारला. आमच्याकडे मिसरीला कोणी तंबाखू समजत नाही, ते दातांचं औषध. कमल घरून डबी भरून आणायची आणि मी रोज सकाळी इमानदारीनं चोळायचो.

डॉक्टरांनी ऑपरेशन थोडं पुढे ढकललं. तोवर रक्त नीट वाहिलं नाही तर पाय काढायचा, हे ठरलं. तुमच्यावर अशी पाळी आली तर एवढं ऐका: बिडी सोडली म्हणून निर्धास्त होऊ नका. पानातून, दातांवरून काय काय पोटात जातं, तेही डॉक्टरांना सांगा.

मिसरी सुटली. दात घासायला कोळसा घेतला, तोंड आंबट करून घेतला. रोज नखावर तेल आणि दिवा होताच. डॉक्टर बघायचे आणि कागदावर टिपून ठेवायचे.

ठरलेल्या सकाळी त्यांनी खूप वेळ पाहिलं. मग बाजूला झाले आणि कमलला बोलावलं. तिनं पदर सावरून एक डोळा मिटला, दुसरा मायक्रोस्कोपाला लावला.

"वाहून राह्यलं जी," ती म्हणाली. "आता पाय कापाचं नाव नोका काढू."

"नाही काढत, बाई," डॉक्टर म्हणाले.

आजारपणात मी एकदाही रडलो नव्हतो. त्या दिवशी तेल लावलेला पाय तसाच पुढे ठेवून, सगळ्यांदेखत रडलो.