आप्पांच्या खाटेसमोरचा जुना फोन

आमच्या थोरल्या दिरांना जुनी वस्तू टाकवत नाही. बाप तेवढा टाकवला.

जमीन विकल्यावर त्यांनी बावधनला फ्लॅट घेतला. सासरे, म्हणजे आप्पा, आमच्याकडे मुळशीतच राहिले. मी आणि माझा नवरा दोघंही पिरंगुटला कंपनीत. एकदा आप्पा अंगणात शेवाळावरून घसरले आणि आम्ही येईपर्यंत तसेच पडून राहिले. दिरांनी त्याच सुमारास नवा फोन घेतला होता. जुना आणून त्यांनी आप्पांच्या खाटेसमोर भिंतीला बसवला. काचेला तडे, आवाज फाटका आणि बॅटरी तर पार मेलेली. चार्जरची वायर निघाली की फोन बंद. कॅमेरा मात्र ठणठणीत. "आता बावधनला बसून आप्पा दिसतात," दीर म्हणाले. सुंठीवाचून खोकला गेला. अधूनमधून रविवारी यायचे, तेही बंद झालं.

दिसायचं मात्र सगळं. आप्पांनी भाकरी अर्धी टाकली की कंपनीत माझ्या फोनवर तक्रार हजर. "उरलेली तुम्ही येऊन भरवा की दादा," मी एकदा म्हटलं, तर आठवडाभर माझ्याशी बोलले नाहीत. बरं वाटलं मला.

मग एका सकाळी आप्पांच्या काठीत अडकून वायर निघाली. फोन बंद. म्हातारा गेला की काय, म्हणून दीर गाडी हाणत आले. आप्पा खाटेवर बसलेले बघून आधी जीव भांड्यात पडला, मग चिडले. चहा उभ्यानेच प्यायले, रुमालाने कॅमेऱ्याची काच पुसली, वायर लावली आणि गेले. आप्पांचा चष्मा तेलकट होता, तो तसाच राहिला.

तरी त्या संध्याकाळी आप्पा दीड भाकरी जेवले. मला जवळ बोलावून म्हणाले, "वायर उपटली की येतोय त्यो. तू बोलू नगं कुनाला."

मी कशाला बोलते? लेकाला बघावंसं वाटलं की आप्पा धुतलेला शर्ट घालायचे, वायर काढायचे आणि दाराकडे तोंड करून बसायचे. दीर यायचे, करवादायचे, जायचे. आप्पांना तेवढंही पुरायचं.

शेवटी दीर नवी बॅटरी घेऊन आले. सोबत दुकानातला माणूस. "जुना असला तरी फोन दणकट आहे. आता वायर निघाली तरी दिवसभर चालेल," तो म्हणाला. मी दिरांना म्हटलं, "बॅटरी कशाला? महिन्यातनं एकदा मुक्कामाला या." ते म्हणाले, "अगं, मला नोकरी आहे." जशी आम्ही इथे पिकनिकला राहतो.

बॅटरीचं बोलणं आप्पांच्या डोक्यावरून गेलं होतं. पुढच्या माझ्या सुट्टीला त्यांनी पुन्हा शर्ट बदलला. वायर काढली. मला चहा टाकायला सांगून दाराकडे बघत बसले. थोड्या वेळाने भिंतीवरून फाटका आवाज आला, "आप्पा, वायर निघालीय. लावा बरं."

आप्पा दचकले. मग फोनकडे वळून म्हणाले, "तू कवा येतुयास?"

"फोन चालू आहे ना आता. येऊन काय करू?"

माझं डोकं सणकलं. चहाचं भांडं खाली आपटून मी त्या फोनसमोर उभी राहिले आणि तोंडाला येईल ते बोलले. आप्पांनी माझा हात धरून मला बाजूला ओढलं.

"सरक," ते म्हणाले. "त्येला मी दिसंना झालोय."

आणि कॉलर नीट करून ते कॅमेऱ्यासमोर ताठ बसले.