काचेपलीकडची एस्तेर

"मॅडम, मला सकाळपासून शिंका येताहेत," एस्तेर म्हणाली.

मी कपाळाला हात लावला. तेवढ्यात टेबलावरचा फोन वाजला. गेटवरून सिक्युरिटीवाला सांगत होता, "मॅडम, साळवे साहब आए हैं. एस्तेर के फादर."

"बैठाओ, चाय पिलाओ," म्हटलं आणि फोन ठेवला. एस्तेर नाक लाल करून समोर उभी. जानेवारीतल्या दिल्लीत सर्दी नसलेला माणूस शोधून दाखवा, मी बक्षीस देते. पण हिला ती आजच व्हायची होती!

आमचा प्लांट कुंडलीला आहे. दिल्लीची हद्द संपली की पानिपतच्या रस्त्यावर. इथे इंजेक्शनं बनतात. मी ट्रेनिंग बघते, म्हणजे नव्या मुलामुलींना 'आत' कसं जायचं ते शिकवते. माझा दीर म्हणतो, "चपला काढून जायचं, त्यात शिकवायचं काय?" त्याला एकदा पाठवायला हवं.

आत म्हणजे फिलिंग रूममध्ये. तिथे औषध काचेच्या छोट्या बाटल्यांत भरतात. त्यांना व्हायल म्हणतात. गोळी पोटात जाते, आणि पोटात जंतूंशी भांडायला बरीच मंडळी बसलेली असतात. इंजेक्शन थेट रक्तात जातं. म्हणून तिथे एकही जंतू चालत नाही. आणि त्या खोलीतली सगळ्यात घाणेरडी वस्तू कोणती? माणूस. दोनदा आंघोळ केलेला, सोवळ्यातला असला तरी. म्हणून त्याला डोक्यापासून पायापर्यंत पांढऱ्या सूटमध्ये बंद करतात. तोंडाला मास्क, डोळ्यांवर गॉगल. बाई की बुवा, तेही कळत नाही. मग सूटवर ठिकठिकाणी जंतू वाढवायच्या प्लेट दाबतात आणि त्या उबेत ठेवतात. प्लेटवर काही उगवलं नाही तर माणूस पास. आत गेल्यावर हळू चालायचं, उगाच बोलायचं नाही, हात उडवायचे नाहीत. आणि सर्दी असेल तर जायचंच नाही. आणि सर्दी आहे हे ज्याचं त्यानेच सांगायचं.

एस्तेर आमची अ‍ॅप्रेंटिस. साळवे मूळ नगरचे, ख्रिस्ती. वडील केंद्र सरकारच्या नोकरीत, सरोजिनी नगरला क्वार्टर. मुलीचा जन्म दिल्लीचाच. मराठी छान बोलते, पण मी "ओशाळू नकोस" म्हटलं की विचारते, "मतलब?"

बारावी झाल्यावर या बाईने घरी न सांगता आयटीआयला नाव घातलं, केमिकल प्लांट ऑपरेटरच्या ट्रेडला. घरात रामायण. साळवेसाहेबांना मुलगी कलेक्टर व्हायला हवी होती. दिल्लीतल्या मराठी बापांना ही लागण असतेच. गावाकडची मुलं इथे येऊन, खोल्या घेऊन यूपीएससीचा अभ्यास करतात, आणि आपली घरात असून करत नाही म्हणजे काय! आयटीआय म्हटल्यावर त्यांच्या डोळ्यांसमोर पाना आणि ग्रीस उभं राहिलं. शेजाऱ्यापाजाऱ्यांना त्यांनी सांगून टाकलं, "केमिकल इंजिनिअरिंग करतेय."

तसं ते अगदीच खोटं नव्हतं. हा रस्ता लांबचा आहे, पण जातो तिथेच. आधी आयटीआय. मग कारखान्यात अ‍ॅप्रेंटिस, काम शिकता शिकता थोडा स्टायपेंड. ते पूर्ण झालं की सर्टिफिकेट. पुढे डिप्लोमाच्या दुसऱ्या वर्षाला थेट प्रवेश मिळू शकतो, आणि डिप्लोमावरून डिग्रीला. मी स्वतः याच रस्त्याने आले, मिरजेहून निघून, नोकरी करत करत. डिग्री हातात पडली तेव्हा माझा मुलगा शाळेत जायला लागला होता.

माझी आई मिरजेलाच राहिली. शेवटपर्यंत तिला वाटायचं, मी कारखान्यात गोळ्या मोजते. "किती मोजल्यास गं आज?" असं फोनवर विचारायची. आमच्या फिलिंग रूमला बाहेरच्या कॉरिडॉरमधून बघायला एक मोठी काच आहे. इन्स्पेक्टर, पाहुणे तिथूनच बघतात. आईला एकदा आणून त्या काचेशी उभं करायचं होतं. पुढच्या सुट्टीत, पुढच्या दिवाळीत, करता करता राहून गेलं. अजून जीव तुटतो.

म्हणूनच एस्तेरच्या भानगडीत मी नको तेवढी पडले. साळवेसाहेब महिनाअखेरीला रिटायर होणार होते. क्वार्टर सोडायची, सामान बांधायचं, नगरला जायचं. "एस्तेरही येईल," त्यांनी ठरवूनच टाकलं. तिची अ‍ॅप्रेंटिसशिप अर्धी झाली होती. अर्धी सोडली की सर्टिफिकेट नाही, आणि सर्टिफिकेट नाही तर पुढचा रस्ता बंद. पोरीने घरात रडून, भांडून, अबोला धरून पाहिलं. शेवटी ते एवढंच म्हणाले, "एकदा माझ्या डोळ्यांनी बघतो तू काय करतेस ते. पटलं तर राहा." मी प्लांट हेडच्या मागे लागून व्हिजिटची परवानगी काढली. एस्तेरची फिलिंग रूममधली ड्यूटी बघून दिवस ठरवला. आणि आता ही शिंकतेय.

शिफ्ट इन्चार्ज मलिक तिथेच होता. सोनिपतचा, मनाने चांगला, घाईचा. म्हणाला, "मॅडम, दस मिनट की तो बात है. मशीन से दूर खड़ी रहेगी. बाप देख लेगा, फिर बाहर."

"और छींक आ गई तो?"

"रोक लेगी."

"मलिकजी, तुमने आज तक छींक रोकी है?"

खरं सांगते, मलाही मोह झाला होता. नुसतं लांब उभं राहायचं, मास्क तर असतोच... मी एस्तेरकडे बघितलं. ती म्हणाली, "मॅडम, आत दिसले तर पप्पा हो म्हणतील."

"मग?"

"मग काय. नाही जात." आणि डोळे पुसायला लागली. तिच्या जागी संदीप नावाच्या ऑपरेटरला आत पाठवलं. तिला मास्क दिला, ट्रेनिंग रूममध्ये बसवलं आणि म्हटलं, "मी त्यांना समजावून आणते इकडे."

साळवेसाहेब स्वेटरवर कोट घालून आले होते. केस चापून बसवलेले, बूट चकचकीत. मुलगी बघायला आल्यासारखे अवघडलेले. आल्या आल्या म्हणाले, "पानिपत इथून फार लांब नसेल ना, मॅडम? इतकी वर्षं दिल्लीत काढली, लढाईची ती काला अंबची जागा बघायची राहिलीच."

"आधी मुलीचं बघा, मग पानिपत," मी म्हटलं. मनात म्हटलं, आपलं पानिपत इथेच होतंय बहुतेक.

कॉरिडॉरमध्ये शिरताना मी सांगायला सुरुवात केली, "साहेब, एस्तेरचं असं झालं की..."

"थांबा, थांबा. सांगू नका," ते म्हणाले. "मी ओळखतो."

आणि भराभर काचेपाशी गेले. आत सगळे पांढरे सूट. मशीनवरून व्हायलची रांग चालली होती. ते एकेकाकडे बघत राहिले. मग काचेवर बोट ठेवून म्हणाले, "ती! डावीकडची. मान तिरकी करते बघा. हिची आई अस्संच करते, स्वयंपाक करताना."

तो संदीप होता. रोहतकचा, दोन मुलांचा बाप. मिशा मास्कच्या आत होत्या म्हणून.

मी सांगायला गेले, तोवर साळवेसाहेबांनी चष्मा काढून पुसला, परत घातला. "डॉक्टरणीसारखी दिसते हो," म्हणाले. "मला वाटलं होतं, हातात पाना असेल." मग हात वर करून त्यांनी हलवला. संदीप कशाला बघतोय! "बघितलं नाही तिने," ते खट्टू होऊन म्हणाले.

"आत हात हलवत नाहीत, साहेब."

"हो का? बरोबर, बरोबर." आणि तरी त्यांनी परत एकदा हात हलवला, अगदी हळू, कोणाला दिसू नये असा.

नुसतं 'हो' म्हटलं असतं तर सगळं निभावलं असतं. पोरगी राहिली असती, बाप खूश होऊन नगरला गेला असता, कोणाच्या जंतूलाही कळलं नसतं. माझी आई इथे उभी असती आणि कोणी भलत्याकडेच बोट दाखवून 'ती बघा तुमची लेक' म्हणालं असतं, तर मला चाललं असतं? तेव्हा वाटलं, चाललं असतं. नुसती ती इथे उभी असायला हवी होती.

मागून आवाज आला. "पप्पा, ती मी नाही."

एस्तेर कॉरिडॉरच्या दारात मास्क लावून उभी होती. साळवेसाहेब वळले. एकदा तिच्याकडे बघितलं, एकदा काचेकडे.

"मग तू बाहेर का?"

"सर्दी झालीय. सर्दी असली की आत जात नाहीत."

"तुला काढलं बाहेर?"

"नाही. मीच सांगितलं."

त्यांचा चेहरा लाल झाला. "अगं, मी सुट्टी टाकून इतक्या लांब आलो! आजच्या दिवस गप्प बसली असतीस तर? कोणी विचारलं होतं तुला?"

"कोणीच नाही."

"मग कोणाला कळलं असतं?"

"कोणालाच नाही, पप्पा."

ते पुन्हा काचेकडे वळले. सरकारी ऑफिसात उभा जन्म काढलेला माणूस. कोणालाच कळणार नाही तेव्हा माणसं काय काय करतात, हे त्यांना मी सांगायची गरज नव्हती. बराच वेळ ते काचेतून आत बघत राहिले. मग मला विचारलं, "आणि तो कोण आहे मान तिरकी करणारा?"

"संदीप. मिशा आहेत त्याला."

"अरे देवा!" म्हणाले, आणि हसले. एस्तेरही हसली आणि हसता हसता तिला जोरात शिंक आली. त्यांनी खिशातून घडी केलेला रुमाल काढून तिच्या हातात दिला. मग तिच्याकडे न बघता मला विचारलं, "इथे जवळपास मुलींसाठी चांगलं हॉस्टेल असेल ना, मॅडम? क्वार्टर सोडायच्या आत बघायला हवं."

एस्तेरने रुमालात तोंड लपवलं. मी म्हटलं, "आहे ना. चला, दाखवते."

पानिपत राहिलंच त्यांचं. महिनाअखेरीला साळवे मंडळी नगरला गेली. एस्तेर हॉस्टेलवर राहते, रविवारी घरच्या आठवणीने रडते आणि सोमवारी वेळेवर येते. सर्दी गेली, प्लेट पुन्हा कोऱ्या निघाल्या, ती परत आत गेली. त्या दिवशी कॉरिडॉरच्या टोकाच्या फोनवरून मी नगरला फोन लावला. कॅमेरा तिथे चालत नाही, तोंडाने सांगायला बंदी नाही.

"आत आहे?" साळवेसाहेबांनी विचारलं.

"आत आहे. उजवीकडून दुसरी."

"काय करतेय?"

"उभी आहे. मशीनवर नजर ठेवून."

"नुसती उभी?"

"साहेब, तिथे नीट उभं राहायला शिकण्यातच अर्धं ट्रेनिंग जातं."

मग म्हणाले, "मान तिरकी आहे का?"

मी बघितलं. "नाही. ताठ आहे."

"मग माझ्यावर गेलीय," ते म्हणाले. "ठेवतो, मॅडम. तुमची कामं असतील."

फोन ठेवून मी उगाच थोडा वेळ काचेपाशी उभी राहिले. मिरजेच्या घरचा नंबर मला अजून पाठ आहे. तो लावून सांगावंसं वाटलं, "आई, गोळ्या नाही गं मोजत मी." पण तिथे आता दुसरेच लोक राहतात.

नव्या अ‍ॅप्रेंटिसना मी हल्ली पहिल्याच दिवशी सांगते. सर्दी झाली तर आधी मला सांगा. आणि घरच्यांना काचेपाशी आणायचं असेल तर लवकर आणा. ते तुम्हाला ओळखणार नाहीत, भलत्यालाच हात करतील. तरी आणा.